एका यंत्रात दोन बिऱ्हाडे

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या कार्यालयाचे पत्र भिलाईच्या पत्त्यावर आले. तेथील काही जुने संगणक निर्लेखित करावयाचे आहेत. त्यांच्या खरेदीच्या नस्तीत माझ्या हस्ताक्षरातील एक शेरा आहे, त्याचा अर्थ लागत नाही, सबब खुलासा व्हावा, असा पत्राचा आशय होता. सोबत टिप्पणीची छायाप्रत होती. शेरा २००८ सालचा. "दोन्ही प्रणाली ठेवाव्यात. कर्मचारी यथावकाश दुसरीकडे वळतील." आणि त्याखाली माझी सही.

खुलासा दोन ओळींत देऊन मोकळे होता आले असते. पण तो शेरा वाचताना मला जे आठवले ते दोन ओळींत मावणारे नव्हते, म्हणून हा लेख.

त्या वर्षी आम्ही चौदा संगणक घेतले. प्रत्येकावर दोन ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणकाच्या मूळ कार्यप्रणाली, बसवलेल्या होत्या : एक विंडोज आणि दुसरी लिनक्स. यंत्र सुरू केले की पडद्यावर दोघींची यादी येई; दहा सेकंदांत कोणी काही न निवडल्यास विंडोज आपोआप सुरू होई. आमच्याकडील एका तरुण सहायकाने रजेचा हिशेब आणि आवक-जावक नोंदवही यांसाठी लिनक्सवर एक छोटासा प्रोग्राम स्वतःच्या हौसेने लिहिला होता. सगळा देवनागरीत. खरेदीची चर्चा चालू असताना तो मला म्हणाला होता, "साहेब, दोन ठेवू नका. एकच ठेवा. कोणतीही ठेवा, पण एकच. दोन ठेवल्या तर माझा प्रोग्राम कुणी उघडणार नाही."

मी पडलो अर्थशास्त्राचा विद्यार्थी. पर्याय वाढले की निवड करणाऱ्याचे नुकसान होत नाही, झाला तर फायदाच होतो, हे मी पदवीच्या वर्गात शिकलो होतो. मी त्याचे म्हणणे ऐकून घेतले आणि वरील शेरा लिहिला. दोन वर्षांत त्याचा प्रोग्राम बंद पडला. नोंदवही पुन्हा एक्सेलच्या तक्त्यांत गेली. कोणी विरोध केला नाही, कोणी बंदी घातली नाही. फक्त कोणी उघडला नाही.

तेव्हा प्रश्न असा की, एका यंत्रात दोन प्रणाली ठेवण्याची ही सोय, जिला ड्युअल बूट म्हणतात, ती दुय्यम प्रणालीसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या मुळावर येते काय? की दोष सोयीचा नसून माझ्यासारख्या शेरे लिहिणाऱ्यांचा आहे? या प्रश्नाला आता चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा इतिहास आहे आणि तो पाहिल्याशिवाय उत्तर देणे बरोबर होणार नाही.

भीतीमागील तर्क

वाड्यात दोन बिऱ्हाडे असावीत आणि दिंडी दरवाजा एकच असावा, तसे हे आहे. एका वेळी एकाच बिऱ्हाडाचे दार उघडते. एका घरची भांडी दुसऱ्या घरी चालत नाहीत. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम लिनक्सवर जसाच्या तसा चालत नाही. म्हणून प्रत्येक प्रणालीसाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर कोणीतरी लिहावे लागते.

आता ते लिहिणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. दुसऱ्या प्रणालीसाठी नवी आवृत्ती करण्याचा खर्च ठरलेला आहे; गिऱ्हाईक एक असो वा लाख, तो करावाच लागतो. त्यातून मिळणारे जादा उत्पन्न मात्र केवळ अशा गिऱ्हाइकांकडून येणार, जे ही आवृत्ती नसती तर काहीच विकत घेणार नव्हते. ज्याच्या यंत्रात दोन्ही प्रणाली आहेत तो तर पहिल्या प्रणालीची आवृत्ती आधीच घेऊन बसलेला असतो. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्याचा त्रास तेवढा तो सोसतो. म्हणजे लेखकाच्या हिशेबात हे गिऱ्हाईक नवे नव्हेच. ड्युअल बूट जितके पसरेल तितके जादा उत्पन्न शून्याकडे सरकेल आणि दुय्यम प्रणालीसाठी लिहिण्याचे कारण उरणार नाही. तर्क सरळ आहे आणि आमच्या सहायकाने तो एकही समीकरण न मांडता ओळखला होता.

ज्यांच्याबाबत भीती खरी ठरली

आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून १९८७ मध्ये ओएस/२ ही प्रणाली बाजारात आणली. १९९० मध्ये विंडोज ३.० ला मोठे यश मिळाले आणि दोघांची फारकत झाली. आयबीएमने १९९२ मध्ये ओएस/२ ची दुसरी आवृत्ती काढली. ती तांत्रिकदृष्ट्या सरस मानली जात असे. तिच्यात ड्युअल बूटची सोय होतीच. पण त्याहून मोठी सोय म्हणजे डॉस आणि विंडोजचे प्रोग्राम तिच्या आतच चालत. विंडोजपेक्षा सरस विंडोज आम्ही देतो, अशी आयबीएमची जाहिरात होती. ही जाहिरातच तिला भोवली, असे पुढे अनेकांनी म्हटले आहे. विंडोजसाठी एकदा लिहिले की दोन्हीकडे चालते, असे खुद्द प्रणालीचा मालकच सांगू लागल्यावर ओएस/२ साठी वेगळे लिहिण्याची तसदी कोण घेणार? आयबीएमने २००६ च्या अखेरीस तिचा सर्वसाधारण पाठिंबा थांबवला.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत स्कॉट ड्रेकर यांनी लोकी नावाची कंपनी काढली. विंडोजवर गाजलेले संगणकीय खेळ रीतसर परवाना घेऊन लिनक्सवर आणायचे आणि विकायचे, हा तिचा धंदा. १९९९ च्या अखेरीस आलेल्या 'क्वेक ३' या खेळाची लिनक्स आवृत्ती तिने सुबक डब्यात घालून विकायला ठेवली. काम चोख होते, पण विक्री निराशाजनक झाली. खेळाची आवड असलेल्या बहुतेक लिनक्सप्रेमींच्या यंत्रात विंडोजचे बिऱ्हाड होतेच. खेळ विंडोजवर आधी येई आणि ते तेथेच घेत. जानेवारी २००२ मध्ये लोकी बंद पडली. कंपनीच्या व्यवहारातील इतर चुकाही होत्या, तेव्हा सगळा दोष ड्युअल बूटला देता येणार नाही. पण वर मांडलेला तर्क बाजारात कसा दिसतो हे पाहायचे असेल, तर याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

ज्यांच्याबाबत ती खोटी ठरली

येथेच थांबलो तर निकाल एकतर्फी लागेल. म्हणून दुसरी बाजू.

ॲपलने जानेवारी २००६ मध्ये इंटेलचे प्रोसेसर असलेले पहिले मॅक विकायला आणले आणि ५ एप्रिल २००६ रोजी 'बूट कॅम्प' ही सोय चाचणी स्वरूपात खुली केली. मॅकवर विंडोज बसवण्याची वाट खुद्द ॲपलने करून दिली. तेव्हा मॅकच्या गोटात मोठी चिंता पसरली होती : आता कंपन्या म्हणतील, "विंडोज सुरू करा आणि आमचा प्रोग्राम वापरा," आणि मॅकसाठी लिहिणे थांबेल. प्रत्यक्षात तसे घडले नाही. खेळांच्या बाबतीत मॅक मागेच राहिला, हे खरे. पण लेखन, चित्रसंपादन, संगीत, चित्रपटांचे संकलन या क्षेत्रांतील मॅकचे स्वतंत्र सॉफ्टवेअर त्या दशकात वाढतच गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःचे प्रोसेसर घातलेले मॅक आणले. त्यांवर बूट कॅम्प नव्हता आणि मॅकचे काही अडलेही नाही.

याच्याही आधीचे उदाहरण १९८० चे. मायक्रोसॉफ्टने ॲपल २ या संगणकासाठी सॉफ्टकार्ड नावाचे एक कार्ड काढले. ते बसवले की त्या यंत्रावर सीपी/एम ही त्या काळची प्रचलित प्रणाली चाले. कार्ड खूप खपले. पण ॲपल २ साठी लिहिणारे लोक लिहीत राहिले, कारण १९७९ मध्ये आलेले व्हिसिकॅल्क हे हिशेबाच्या तक्त्यांचे सॉफ्टवेअर मुळात ॲपल २ वरच जन्मले होते आणि त्यासाठी लोक ते यंत्र घेत होते.

आणि तिसरे उदाहरण तर उलट्या टोकाचे. फ्रान्समध्ये जन्मलेले जाँ-लुई गासे यांच्या बी कंपनीने बीओएस नावाची सुरेख प्रणाली तयार केली होती. विंडोजच्या जोडीने ती ठेवावी, एवढीच त्यांची मागणी होती. म्हणजे ज्या ड्युअल बूटची इतरांना भीती, तेच यांना हवे होते. हिताची कंपनीने जपानमध्ये तसे संगणक काढलेही. पण यंत्र सुरू होताना बीओएसचे नाव यादीत दिसत नसे, ग्राहकाला ते खटपट करून चालू करावे लागे. मायक्रोसॉफ्टचे संगणक उत्पादकांशी असलेले करार याला कारण आहेत, असा बी कंपनीचा आरोप होता. कंपनीची मालमत्ता २००१ मध्ये पाम कंपनीकडे गेली. २००२ मध्ये खटला दाखल झाला आणि सप्टेंबर २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने दोष मान्य न करता २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटवला. बीओएस मेली ती दोन बिऱ्हाडांमुळे नव्हे. दारावर तिच्या नावाची पाटी लागली नाही, म्हणून.

फरक कशाने पडला?

या सगळ्यांतून मला दोन गोष्टी दिसतात.

पहिली अशी की, माणूस कोणत्या बिऱ्हाडात राहतो आणि कोणत्यात पाहुणा म्हणून जातो, यावर सारे ठरते. मॅकचा माणूस दिवसभर मॅकमध्ये राही आणि तासाभरासाठी विंडोजमध्ये जाऊन येई. मॅकवर असे काही होते जे फक्त तेथेच मिळे आणि ज्यासाठी तो पैसे मोजायला तयार असे. लिनक्सवरील खेळाडूसाठी खेळांचे मूळ घर विंडोज होते. सोय दोघांचीही तीच; उतार मात्र विरुद्ध दिशांना. पाणी उताराकडे जाते, त्यासाठी पाटाला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट काहीशी अनपेक्षित आहे. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्याचा जो त्रास आहे, तोच दुय्यम प्रणालीचा रक्षक ठरतो. हातातले काम सोडून, दोन-तीन मिनिटे थांबून पलीकडे जावे लागत असल्याने माणूस म्हणतो, "हेच इकडे मिळाले असते तर बरे." या 'बरे'मध्येच स्वतंत्र सॉफ्टवेअरची मागणी दडलेली असते. पूल जितका गुळगुळीत, तितकी ती मागणी कमी. ओएस/२ ला ड्युअल बूटने जेवढे मारले नाही तेवढे तिच्या आत चालणाऱ्या विंडोजने मारले, असे म्हणूनच म्हणता येते.

अलीकडचा दाखला व्हॉल्व्ह कंपनीच्या प्रोटॉनचा. विंडोजसाठी लिहिलेले खेळ लिनक्सवर चालवणारी ही सोय २०१८ मध्ये आली आणि २०२२ मध्ये तिच्याच बळावर स्टीम डेक हे लिनक्सवर चालणारे हातातील यंत्र बाजारात आले. आता खेळ करणारे म्हणतात, लिनक्ससाठी वेगळे कशाला लिहा, प्रोटॉनवर चालते ना! येथे स्वतंत्र सॉफ्टवेअरचे कारण कमी झाले खरे. पण प्रणाली वापरणारे वाढले. म्हणजे प्रणाली जगणे आणि तिच्यासाठी स्वतंत्र लेखन होणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

आपल्याकडची हकीकत

आपल्या देशात या प्रश्नाला एक वेगळे परिमाण आहे : येथे सर्वांत मोठे गिऱ्हाईक सरकार आहे.

१९८० च्या दशकात बँकांचे संगणकीकरण सुरू झाले तेव्हा युनिक्स या प्रणालीची निवड करण्यात आली. ज्या यंत्रांवर ती होती तेथे दुसरे बिऱ्हाड नव्हते आणि गिऱ्हाईक पक्के होते. त्यामुळे भारतीय कंपन्यांनी शाखांच्या कामकाजाचे सॉफ्टवेअर युनिक्सवर लिहिले. इन्फोसिसचे बँक्स २०००, ज्यातून पुढे फिनॅकल आले, ते या वातावरणातले. युनिक्स जाणणारे हजारो तरुण या देशात तयार झाले, त्याचे एक कारण ही खरेदी होय.

पुढच्या दशकांत मात्र सरकारचे दोन हात दोन दिशांना गेले. पुण्याच्या सी-डॅकने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जिस्ट कार्ड काढून भारतीय लिप्या संगणकावर आणल्या, हे आपणा मराठी माणसांना अभिमान वाटावे असे काम. पण पुढे महाराष्ट्रातील आणि केंद्रातील कार्यालयांत देवनागरी रुजली ती विंडोजवर चालणाऱ्या आयएसएमसारख्या साधनांतून आणि खाजगी कंपन्यांच्या अशाच फाँटांतून. प्रत्येकाची संकेतपद्धती निराळी. एका कार्यालयाचे मराठी पत्र दुसऱ्या यंत्रावर उघडले की अक्षरांची खिचडी दिसे, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना अधिक सांगायला नको. इकडे छत्तीसगडात कृतिदेवचे राज्य होते. दरम्यान त्याच सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने २००७ मध्ये बॉस ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली प्रसिद्ध केली. एका संस्थेचे एक केंद्र विंडोजवरची मराठी सोपी करीत होते आणि दुसरे विंडोजला पर्याय देत होते. दोन्ही कामे प्रामाणिक होती. पण ज्या कारकुनाची वीस वर्षांची पत्रे पहिल्या पद्धतीत अडकली, तो दुसरीकडे कसा जाणार?

दोन दक्षिणी राज्यांची तुलना येथे उपयोगी पडेल. तमिळनाडूने सप्टेंबर २०११ मध्ये विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. त्या लॅपटॉपांवर विंडोज आणि बॉस या दोन्ही प्रणाली होत्या. केरळने शाळांसाठी आयटी@स्कूल हा प्रकल्प २००१ मध्ये सुरू केला. तेथेही आरंभी विंडोज होते, मग शिक्षकांच्या आणि मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या आग्रहाने लिनक्सला जागा मिळाली आणि ते दशक संपण्यापूर्वी शाळांतील शिक्षण व दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा लिनक्सवरच होऊ लागली. पाठ्यपुस्तक तेच, परीक्षा तीच, शिक्षकांचे प्रशिक्षण तेच. परिणामी शाळांना लागणारे शैक्षणिक सॉफ्टवेअर आणि मल्याळम फाँट यांवर काम करणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळाले. केरळने लिनक्सला मागणी दिली. तमिळनाडूने तिला यंत्रात जागा दिली, पण तिच्यावरच करावे असे काम तेवढ्या प्रमाणात दिले नाही. आमच्या चौदा संगणकांचे झाले ते याहून वेगळे नव्हते.

महाराष्ट्राचे काय? २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने खेडोपाडी संगणक पोहोचवला, याबद्दल त्याचे ऋण मानलेच पाहिजे. शासकीय नोकरीसाठी ते प्रमाणपत्र आवश्यक ठरले. पण त्याचा अभ्यास मुख्यतः विंडोज आणि ऑफिस यांवर बेतलेला होता. त्यामुळे लाखो मराठी तरुणांच्या दृष्टीने संगणक म्हणजेच विंडोज झाला. मुंबईत २००० साली सुरू झालेला इंडलिनक्स प्रकल्प आणि पुण्यातील रेड हॅटच्या कार्यालयात झालेले लोहित फाँटांचे व मराठीकरणाचे काम यांमुळे मराठीतील लिनक्स उपलब्ध झाला होता. त्याला परीक्षा मात्र मिळाली नाही.

आणि येथे, छत्तीसगडात, एक काम झाले ते विशेष उल्लेखनीय आहे. रविशंकर श्रीवास्तव, जे हिंदी जगात रवी रतलामी या नावाने ओळखले जातात, त्यांच्या पुढाकाराने २००९ च्या सुमारास लिनक्सवरील केडीई हे कार्यपटल छत्तीसगढी भाषेत आले. ज्या भाषेत कार्यालयीन पत्रव्यवहारही क्वचितच होतो, त्या भाषेत संगणकाची सूची आणि आज्ञा! बाजाराकडे पाहून कोणतीही कंपनी हे करती ना. पण भाषांतर एकदा करून संपत नाही. प्रणालीची प्रत्येक नवी आवृत्ती ते पुन्हा मागते. ते कोणी करत राहावे यासाठी कोणत्या तरी शाळेत, कोणत्या तरी पंचायतीत त्याचा रोजचा वापर असावा लागतो.

पोलादाचा धडा

भिलाईत बसून हा विचार करताना समोरच्या कारखान्याकडे लक्ष जातेच. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याच सुमारास राउरकेला जर्मनांच्या आणि दुर्गापूर इंग्रजांच्या साहाय्याने उभे राहत होते. आराखडे बाहेरून तयार येत होते. मग आपले अभियंते आराखडे करायला कधी शिकणार? यासाठी १९५९ मध्ये हिंदुस्तान स्टीलने रांचीला स्वतःचा अभिकल्प विभाग काढला. तोच १९७३ मध्ये मेकॉन झाला. भिलाईची क्षमता १० लाख टनांवरून २५ लाख आणि पुढे ४० लाख टनांवर जाताना देशी आराखडेकारांचा वाटा वाढत गेला, कारण त्यांच्या हाती काम दिले गेले.

याच्या उलट बोकारोची कथा. तेथे दस्तूर कंपनीने तपशीलवार अहवाल तयार केला होता. अमेरिकेचे साहाय्य मिळेनासे झाल्यावर १९६५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, आराखड्याचे काम त्यांच्याकडे गेले आणि देशी सल्लागार कडेला पडले. दस्तूर यांनी खर्चात बचतीच्या सूचना केल्या, त्यांतील बहुतेक मान्य झाल्या नाहीत. पद्मा देसाई यांनी यावर पुस्तकच लिहिले आहे.

भिलाईत बाहेरचे आणि देशी एकाच छपराखाली होते म्हणून देशी मेले नाही. बाहेरचे सिद्ध आणि देशी शिकाऊ असताना देशीला ठरावीक काम नेमून दिले गेले, म्हणून ते वाढले. येथील रूळ कारखान्याला रेल्वेसारखे कायमचे गिऱ्हाईक होते, हेही त्यातच आले.

खुलासा

माझ्या परिचयाच्या भिलाईतील मराठी घरांत मुले दोन भाषा बोलतात. दार उघडले की हिंदी, आजीशी बोलताना मराठी. हिंदी आली म्हणून मराठी गेली, अशी तक्रार मी पुष्कळदा ऐकतो. मला ती पटत नाही. ज्या घरात आजोबांना पत्र मराठीत लिहावे लागते, ज्या मंडळात गणेशोत्सवाचे नाटक मराठीत बसवले जाते, तेथे मराठी टिकलेली दिसते. ज्या घरी मराठीत करण्यासारखे काही उरलेले नाही, तेथे ती यादीतले दुसरे नाव होऊन बसते. बाहेर राहणाऱ्या वाचकांना हे माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.

आज परिस्थिती बरीच पालटली आहे, हे मान्य केले पाहिजे. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राने खुल्या मानकांचे धोरण आणले, २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. युनिकोडमुळे मराठी पत्र कोठेही वाचता येते. कार्यालयीन काम बहुतांशी ब्राउझरमधून चालते, त्यामुळे खाली कोणती प्रणाली आहे याला पूर्वीइतके महत्त्व राहिलेले नाही. प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्याचे साधन प्रथम एक्सेलच्या मॅक्रोवर होते, पुढे जावावरही आले आणि लिनक्सवाल्यांची एक अडचण दूर झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयात विंडोजच्या जागी उबंटूवर आधारित माया ही प्रणाली आणण्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. 'जागी' हा त्यातला शब्द महत्त्वाचा, 'जोडीला' नव्हे.

याचा अर्थ सर्वत्र एकच प्रणाली सक्तीने बसवावी, असे मी म्हणत नाही. सक्तीचेही तोटे असतात आणि बीओएसच्या उदाहरणात जोडीला जागा न मिळणे हेच मरण ठरले. माझे म्हणणे एवढेच की, दोन बिऱ्हाडे ठेवायची असतील तर ठेवणाऱ्याने दुसऱ्या बिऱ्हाडात करायचे एखादे काम नेमून द्यावे आणि ते तेथेच होईल हे पाहावे. मी २००८ मध्ये पर्याय दिला आणि धोरण दिले असे समजलो. आवक-जावक नोंदवही फक्त लिनक्सवर ठेवावी, एवढे एक वाक्य मी शेऱ्यात लिहिले असते तर त्या मुलाचा प्रोग्राम कदाचित जगला असता. पर्याय वाढले की नुकसान होत नाही, हे सूत्र निवडणाऱ्यापुरते खरे असेलही. जो निवडला जाण्याची वाट पाहत असतो त्याच्याबद्दल ते काही सांगत नाही.

पत्राचे उत्तर लिहिण्यापूर्वी मी त्या सहायकाला फोन केला. तो आता दुसऱ्या विभागात अधिकारी आहे. शेऱ्याची गोष्ट ऐकून तो हसला. म्हणाला, "साहेब, राग तेव्हाही नव्हता. पण दहा सेकंदांनंतर काय सुरू होणार हे कुणी ठरवलं होतं, ते आठवतं का?" मला आठवले नाही. त्याला आठवत होते. पुरवठादाराने विचारले होते, मी म्हणालो होतो, "काहीही ठेवा."

खुलाशात मी लिहिले आहे की, सदर शेरा अधोस्वाक्षरीकाराचाच असून तो अपुरा होता. संगणक निर्लेखित करण्यास हरकत नाही.